आदी उपस्थित होते

मुद्रित पत्रकारिता शिकवायला माणसाच्या अंगी काय असावं लागतं, हे आमच्या प्राचार्यांनी मला एका वाक्यात सांगून टाकलं. "सर, वेळापत्रकात तुमचेच तास रिकामे दिसतायत," ते म्हणाले. झालं! त्या दिवसापासून बुलढाण्याच्या आमच्या महाविद्यालयात मी विद्यापीठाच्या पत्रकारिता पदविकेचा विभागप्रमुख झालो, एकमेव प्राध्यापक झालो आणि विभागाच्या कपाटाची किल्लीही माझ्याकडे आली. कपाट रिकामं होतं, पण किल्ली गळ्यात घालायचंच काय ते मी बाकी ठेवलं होतं.

तसा मी मराठीचा. वर्तमानपत्राशी माझा संबंध म्हणजे वाचकांचा पत्रव्यवहार. गल्लीतल्या मोकाट डुकरांविषयी मी दोन पत्रं लिहिली होती. दोन्ही छापून आली, पैकी एक दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने. डुकरं अजून तिथेच आहेत, तेव्हा त्या दुसऱ्या माणसाचा हेवा करण्यासारखं काही नाही. तरी ते पत्र बायकोला दाखवताना "हे माझंच आहे" असं सांगावं लागलं, आणि ती "बरं" म्हणाली. त्या "बरं"चा आवाज मला अजून आठवतो.

पदविकेचं उद्घाटन मोठ्या थाटात झालं. निदान बातमीत तरी झालं. आमच्याकडे कार्यक्रमाची बातमी आदल्या दिवशी लिहितात. यात लबाडी शोधू नका, ही सोय आहे. पेपरवाल्यांना मजकूर दुपारच्या आत लागतो आणि आमचा कोणताही कार्यक्रम दुपारच्या आत सुरू होत नाही. म्हणून हार, नारळ, शाल आणि प्रेसनोट या गोष्टी आदल्या दिवशीच आणून ठेवायच्या असतात. त्याप्रमाणे मी आदल्या संध्याकाळी चहा पिता पिता "टाळ्यांच्या कडकडाटात उद्घाटन संपन्न झाले" असं लिहून मोकळा झालो होतो. संस्थेचे अध्यक्ष पंजाबराव यांनी उद्याच्या पत्रकारितेवर जे मौलिक विचार व्यक्त केले, तेही मीच सुचवले होते. प्रत्यक्षात ते सोयाबीनवर बोलले, पण त्याला माझा इलाज नव्हता.

तर बातमी छापून आली. शेवटी पाहुण्यांची नावं होती. अध्यक्ष, प्राचार्य, महिला मंडळाच्या अन्नपूर्णाताई, असे सगळे मानकरी ओळीने बसलेले, आणि शेवटी, "प्रा. अविनाश मोरे आदी उपस्थित होते." अविनाश मोरे म्हणजे मी. माझ्या कार्यक्रमात माझं नाव शेवटचं आलं याचं वाईट वाटणं स्वाभाविक होतं, पण मी मनाची समजूत घातली. 'आदी'च्या उंबरठ्यावर का होईना, आत होतो.

पहिल्या तासाला तेच कात्रण घेऊन मी वर्गात गेलो. बातमीत सहा प्रश्नांची उत्तरं असावी लागतात, कोण, काय, कुठे, केव्हा, का आणि कसे, हे फळ्यावर लिहिलं. आमच्याकडे 'का' म्हटलं तर कोणाला पटकन कळत नाही, म्हणून शेजारी कंसात 'काऊन' असंही लिहिलं. मग म्हटलं, "या बातमीत 'कोण' शोधा."

मुलांनी भराभर नावं वाचली. माझ्या नावाशी आल्यावर मी खिडकीबाहेर बघितलं. विनय म्हणून बघायचं असतं. एवढ्यात पहिल्या बाकावरच्या समताने हात वर केला.

"सर, हे 'आदी' कोण?"

"आदी म्हणजे इतर. वगैरे."

"ते माहीत आहे सर. पण कोण? आपण 'कोण' शोधून राह्यलो ना?"

वर्ग हसला. मीही हसलो, पण जरा उशिराने, कारण मधल्या वेळात मी चक्क विचारात पडलो होतो. बालपणापासून पेपर वाचतोय. लग्नं, सत्कार, शोकसभा, पाण्याच्या टाकीचं भूमिपूजन, सगळीकडे हा 'आदी' हजर. जिल्ह्यात याच्याइतका कार्यक्रमांना जाणारा माणूस दुसरा नसेल. आणि आजवर मला एकदाही वाटलं नाही की विचारावं, बाबा, तू कोण?

मला उत्साह आला की मी चुकतो, असं छाया, म्हणजे माझी बायको, नेहमी म्हणते. मी खडू टेबलावर आपटून म्हणालो, "हाच तुमचा पहिला प्रकल्प! आपल्या उद्घाटनाला 'आदी'मध्ये कोण कोण होतं ते शोधून काढा. आपल्या प्रायोगिक अंकात ही बातमी पुन्हा छापू. या वेळी खरी."

"सर, याले मार्क किती?" शेवटच्या बाकावरून प्रेमने विचारलं. प्रेमला सहाच्या सहा प्रश्नांऐवजी हा एकच पडतो.

प्रायोगिक अंक ही काय भानगड, तेही सांगतो. विद्यार्थ्यांनी चार पानांचा छापील अंक काढायचा आणि विद्यापीठाची समिती पाहणीला येईल तेव्हा तो त्यांच्या हातात द्यायचा, असा नियम आहे. समिती महिनाभरात येणार होती. म्हणून मी रीतसर अर्ज केला, "विद्यार्थ्यांना शहरात माहिती गोळा करण्यास परवानगी मिळावी." अर्ज प्राचार्यांकडून संस्थेच्या कार्यालयात गेला, तिथून पुन्हा प्राचार्यांकडे आला, आणि शेवटी त्यावर लाल शाईत शेरा पडला, "माहिती गोळा करण्यास हरकत नाही. मात्र कोणाचीही माहिती गोळा करू नये." मी या शेऱ्याचा अर्थ परवानगी असा घेतला. तसा घेतला नसता तर नोकरीतली निम्मी कामं माझ्या हातून झालीच नसती.

पोरं गावभर सुटली. कारंजा चौक, भाजीबाजार, कोर्टासमोरच्या टपऱ्या. "उद्घाटनाला तुम्ही होता का?" एवढाच प्रश्न. आणि दोन दिवसांत असं निष्पन्न झालं की उद्घाटनाला अख्खं बुलढाणा होतं. आमच्या सभागृहात खुर्च्या शंभर, त्यातल्या बऱ्याच लंगड्या. पण एकही माणूस "नव्हतो" म्हणायला तयार नाही. छापून येणार म्हटल्यावर कोण म्हणेल?

आमचे शेजारी भगवंतराव तर संध्याकाळी गेट उघडूनच आले. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यापासून ते आमच्या घराला मार्गदर्शन करतात. नळाची चावी कोणत्या दिशेला असावी इथपासून मुलीला कोणत्या शाखेला घालावं इथपर्यंत.

"सर, तुम्ही 'आदी' काढून राह्यले म्हणे. मले कोनी इचारलं नाही."

"भगवंतराव, तुम्ही त्या दिवशी दात काढायला गेला होता ना?"

"दात सकाळी काढला. मंग आलतो नं. मागं उभा होतो. तोंडात कापूस होता म्हनून बोललो नाही." मग खुर्ची पुढे ओढून ते हलक्या आवाजात म्हणाले, "माझं आयका. नावं घ्या, पन कोनाचं सोडू नका. एक सुटलं का समजा गेलं गाव हातचं."

हा सल्ला पहिल्यांदाच उपयोगी ठरला असता, पण फार उशीर झाला होता. दुसऱ्या दिवसापासून घरी माणसं यायला लागली. कोणी म्हणे मी जिन्यात होतो, कोणी म्हणे गाडी लावत होतो. अन्नपूर्णाताईंचा फोन आला की माझं नाव आहेच, पण नावापुढे 'समाजभूषण' राहिलं होतं. त्या उद्घाटनाच्या दिवशी देऊळगाव राजाला लग्नात होत्या, हे छायाला माहीत होतं, कारण त्या लग्नात छायाही होती. एकमेकींना त्यांनी साड्यांचे भावही विचारले होते. छाया चहा करून करून वैतागली. "इतकी माणसं उद्घाटनाला आली असती तर तुम्ही सोयाबीनवरच पदविका काढली असती," ती म्हणाली. या वाक्याचा अर्थ मला लागला नाही, पण स्वर लागला.

इकडे वर्गात शिकवणं चालूच होतं. बातमी कशी रचायची, तर उलट्या त्रिकोणासारखी. सगळ्यात महत्त्वाचं वर, रुंद बाजूला. मग कमी महत्त्वाचं, मग त्याहून कमी, असं टोकापर्यंत. कारण पानात जागा कमी पडली तर छापणारा खालून कापतो, आणि खालून कितीही कापलं तरी बातमी जिवंत राहते. हे सांगताना मी फळ्यावर हा मोठा उलटा त्रिकोण काढला आणि ठसावा म्हणून लाल खडूने रंगवला. नेमके तेव्हाच प्राचार्य दारातून गेले. दोन पावलं पुढे जाऊन परत आले. लाल त्रिकोण बघितला, मुलींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. नंतर केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "सर, कुटुंबनियोजन हा चांगला विषय आहे, पण आपल्या अभ्यासक्रमात आहे का तेवढं बघून घ्या."

अखेर गोंधळातून मार्ग काढला समताने. तिने प्रेमचा मोबाईल ताब्यात घेतला. उद्घाटनाच्या दिवशी याने पहिल्यापासून शेवटपर्यंत चित्रीकरण केलं होतं. अभ्यास म्हणून नव्हे, सूत्रसंचालन करणारी वैष्णवी त्याला बघायची होती म्हणून. पण वैष्णवीच्या मागेपुढे सगळं सभागृह आलं होतं. आम्ही तिघं रिकाम्या वर्गात ते बघायला बसलो.

मला कधी एवढी गंमत वाटली नव्हती. आपलंच गाव आपण भिंतीच्या भोकातून बघावं तसं. अकराचा कार्यक्रम दीडला सुरू झाला. समई पंख्याच्या वाऱ्याने पुनःपुन्हा विझत होती आणि शेवटी ती न लावताच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंजाबराव आले, बोलले, गेले. ते उठताच पहिली रांग उठली. पाठोपाठ जेवणाचा वास आला तशी मागची माणसंही उठली. मी आभार मानायला उभा राहिलो तेव्हा समोर खुर्च्याच खुर्च्या होत्या. हे मला त्या दिवशी दिसलं नव्हतं, कारण मी कागदात बघून आभार मानत होतो.

"सर, थांबा," समता म्हणाली. "हे बघा."

दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर एक म्हातारा. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. सतरंज्या घालायच्या चालल्या होत्या तेव्हाही तो तिथेच. समई विझताना तिथेच. सोयाबीनला मान डोलावतोय. आणि माझ्या आभाराला? सगळं सभागृह रिकामं, आणि हा एकटा ताठ बसून ऐकतोय, आणि शेवटी टाळ्या वाजवतोय. एकट्याने.

"कोण आहेत हे?" मी विचारलं.

कॉलेजात कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी गेटसमोरच्या चहावाल्याने फोटो बघून लगेच सांगितलं, "हे नाही वयखलं? देऊळघाटचे उकंडराव. गावात त्यायले आदीराव म्हनतात."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी ऑटोत बसून देऊळघाट गाठलं.

उकंडराव ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होते. पूर्वी रोज भाजी घेऊन बुलढाण्याला यायचे, आता मुलगा येतो. पण यांना शहराची सवय लागलेली. आम्ही कॉलेजचे म्हटल्यावर त्यांनी आधी टोपी घातली, मगच बोलायला लागले.

"आबा, तुम्ही प्रत्येक कार्यक्रमाला जाता?" समताने विचारलं.

"हाव. बोलावलं नसलं तरी जातो. मंडपाले काही दार असते का बाई?"

"पण काऊन?" हा प्रश्न प्रेमने विचारला. माझ्या अध्यापनाचं पहिलं फळ मी डोळ्यांनी बघितलं.

"आयकाले," उकंडराव सहज म्हणाले. "लोक जेवाले येतात, मी भाषनाले जातो. एवढे शिकेल मानसं फुकट बोलून राह्यले, मंग आयकाचं नाही काऊन? मले धरनाचं आयकाले आवडते, साहित्याचं आवडते. मांगच्या खेपी डोयाच्या डॉक्टरचं आयकलं. तुमचं आभाराचं बी चांगलं झालं. थोडं लांबलं, पन चांगलं झालं."

आतून त्यांची बायको अंबूबाई पाणी घेऊन आली आणि तांब्या ठेवता ठेवता म्हणाली, "यायले इचारू नका साहेब. दुसऱ्या दिवशी पेपर आनतात आन मले बोलावतात. म्हनतात, पाय, माह्यं नाव आलं. आन बोट कशावर ठेवतात? तं 'आदी'वर! 'हा मी' म्हनतात. मले तं काही दिसत नाही बाप्पा. मी शिकेल नाही, पन एवढं समजते का उकंडराव एवढ्या दोन अक्षरात बसत नाही."

उकंडराव हसले. पण जुडी बांधणारा हात थांबला होता.

"आता तिचं म्हननं खोटं नाही," ते म्हणाले. "माह्या आगोदर माह्या मायचे लेकरं जगले नाही. म्हनून मले जल्मल्याबरोबर उकंड्यावर, कचऱ्याच्या ढिगावर, ठेवलं आन उचललं, देवाच्या नजरंत भरू नये म्हनून. तवा नाव पडलं उकंडा. नाव पडलं, पन छापलं कोनी नाही. लग्नपत्रिका तवा नव्हत्या. मतदारयादीत हाय, पन ते काय कोनी वाचते? एखांद्या खेपी पेपरात आलं असतं तं हिले दाखवलं असतं. बस्स."

समता म्हणाली, "आबा, आम्ही छापतो."

"छापान?" म्हातारा उभाच राहिला. "मंग पुरं छापजा बरं. उकंडराव मोतीराम सुरडकर. वडिलायचं राहू देजा नका."

परतीच्या ऑटोत समताने पूर्ण नाव वहीत उतरवलं. माझ्या मांडीवर मेथीच्या तीन जुड्या होत्या. या माणसाचं नाव छापायचंच, असं मी ठरवलं. आणि का लपवू, माझं नावही जरा वर सरकलं तर बरं, हेही त्याच ऑटोत ठरवलं.

आता प्रश्न राहिला क्रमाचा. चित्रीकरणात दिसले तेवढ्यांचीच नावं घ्यायची, हे पक्कं झालं. भगवंतराव आणि अन्नपूर्णाताई तिथेच गळाले. भगवंतरावांनी माझ्याशी बोलणं टाकलं आणि आमच्या नळाची चावी पोरकी झाली. उरलेली यादी तरीही भलीमोठी. पंजाबरावांकडून निरोप आला, पहिलं नाव कोणाचं आहे? प्राचार्यांनी सुचवलं, हुद्द्याने लावा. पण मग संस्थेचे दोन माजी सचिव एकमेकांच्या खाली बसायला तयार होईनात. वयाने लावू म्हटलं तर महिला सभासद नाराज. मी अत्यंत निःपक्षपातीपणे सुचवलं की अकारविल्हे लावावी, म्हणजे 'अविनाश'पासून सुरुवात होईल. ही युक्ती सगळ्यांच्या इतक्या चटकन लक्षात आली, की मी विनोद केला असं मला जाहीर करावं लागलं.

तेव्हा समता शांतपणे म्हणाली, "सर, जे जसे आले तसे लावू. आधी आले ते आधी."

आणि आश्चर्य म्हणजे ते सर्वांना ताबडतोब मान्य झालं. कारण प्रत्येकाची ठाम समजूत होती की आपण वेळेवर गेलो, उशीर बाकीच्यांनी केला. पंजाबराव तर फोनवर म्हणाले, "बरोबर आहे. वक्तशीरपणाचं कौतुक व्हायलाच पाहिजे."

अंक छापायला दिला तो समिती येण्याच्या दोन दिवस आधी. छापखाना दयारामचा. दयारामने जिल्ह्यातल्या निम्म्या पत्रिका, हँडबिलं आणि साप्ताहिकं छापली आहेत, त्यामुळे त्याला कोणताही मजकूर वाचावा लागत नाही. मी निर्धास्त होऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये समितीसाठी खुर्च्या मोजत बसलो होतो, तेवढ्यात त्याचा फोन आला.

"सर, तीन नंबरच्या पानावर मजकूर बसून नाही राह्यला. साहेबाच्या वाढदिवसाची जाहिरात आली आता."

पंजाबरावांचा वाढदिवस समितीच्याच दिवशी होता. शुभेच्छुकांनी अर्धं पान घेतलं होतं. मध्ये साहेबांचा रंगीत फोटो, गळ्यात हार, आणि भोवती शुभेच्छुकांचे छोटे छोटे चेहरे.

"फोटो लहान कर," मी म्हणालो.

"आता मोठा करा म्हून फोन होता."

आणि मग माझ्या लक्षात आलं की हाच तो क्षण. महिनाभर जे शिकवलं त्याचा प्रत्यक्ष उपयोग! शास्त्र असं ऐनवेळी हाताशी येतं तेव्हा शिक्षकाची छाती भरून येते. मी ऐटीत म्हणालो, "मग बातमी काप. खालून काप. अगदी निश्चिंत काप. आमची बातमी उलट्या त्रिकोणात आहे."

"कशात?"

"अरे बाबा, खालून काप. खाली महत्त्वाचं काही नसतं!"

शेजारी प्राचार्य बसले होते. त्यांनी 'उलटा त्रिकोण' एवढंच ऐकलं आणि नापसंतीने चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा आला. मी सुतळी तोडून अंक उघडला. पान तीन. वर आमची बातमी, समताच्या नावासह. अकराचा कार्यक्रम दीडला सुरू झाला, समई लागली नाही, अध्यक्ष सोयाबीनवर बोलले, सगळं खरंखुरं. मला अभिमान वाटला. मग शेवटची ओळ.

"यावेळी देऊळघाट येथील उकंडराव मोतीराम सुरडकर आदी उपस्थित होते."

संपली बातमी. त्याखाली लगेच पंजाबरावांच्या कपाळावरचा टिळा.

मी पुन्हा वाचलं. अध्यक्ष नाहीत. प्राचार्य नाहीत. माजी सचिव दोन्ही नाहीत. आणि मी? आमच्या विभागाचा प्रमुख, अंकाचा संपादक, तो कुठेच नव्हता. मी धावत दयारामकडे गेलो.

"तुम्हीच सांगतलं, खालून काप," तो म्हणाला. "पह्यलं नाव बसलं, तिथं जागा संपली."

"मग पहिल्या नावावर थांबायचं होतं. हा 'आदी' कुठून आला?"

"तो मी टाकला," दयाराम जरा दुखावून म्हणाला. "एवढ्या वर्षांत बिगर 'आदी'ची बातमी आपल्या हातून गेली नाही सर."

गठ्ठा पंजाबरावांकडे पोहोचला तशी माझी हजेरी झाली. ते संतापाने लाल झाले होते. आमच्या उद्घाटनाला कोण होतं, तर एक भाजीवाला आणि वगैरे! "हे सगळे अंक जाळून टाका," ते गरजले. मी मान खाली घालून गठ्ठा उचलायला वाकलो, तेव्हा त्यांची नजर खालच्या अर्ध्या पानावर गेली. रंगीत फोटो. दयारामने रंग खरंच छान दिले होते. साहेबांनी फोटोकडे बघितलं, वरच्या बातमीकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं. दोन्ही एकाच कागदावर होते, हा माझा दोष नव्हता. "जाऊ द्या," ते शेवटी म्हणाले. "अजून जास्त छापा. गावोगाव जाऊ द्या."

अंक गावोगाव गेला. विद्यापीठाच्या समितीनेही वाचला. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "हे उकंडराव सुरडकर कोण?" आणि प्राचार्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "आमच्या संस्थेचे जुने हितचिंतक." बाईंनी वहीत टिपून घेतलं. माझ्याविषयी कोणी काही विचारलं नाही. मी चहा देत होतो.

घरी आलो तो अगदी पडलेल्या चेहऱ्याने. वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय याची लाजही वाटत होती. म्हाताऱ्याचं नाव आलं, तेच तर हवं होतं. मग आपल्याला काय झालं? अंक मी छायाला दाखवलाच नाही. पिशवीत तसाच ठेवला.

रविवारी सकाळी गेट वाजलं. उकंडराव आणि अंबूबाई. यांची टोपी नवी, तिचं लुगडं इस्त्रीचं. बरोबर वांग्यांची पिशवी. मला वाटलं, आनंदाने आले असतील, पेढे काढतील. पण उकंडराव खुर्चीच्या कडेवर बसले आणि खाली बघत राहिले.

"आबा, नाव आलं ना?" मी विचारलं.

"आलं. हिनं सगळ्या गल्लीले दाखवलं. वाचता येत नाही, पन जागा पाठ झाली तिले." मग त्यांनी खिशातून घडी केलेला अंक काढला. "पन सर, मी पुरं पान पाह्यलं. मागून पाह्यलं, पुढून पाह्यलं. तुमचं नाव नाही. एवढा तुमचा कार्यक्रम, आन तुमचंच राह्यलं. मले लय वाईट वाटलं. मले ठाव हाय नं कसं लागते ते."

"त्यात काय एवढं," मी म्हणालो.

छाया पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "खरंच की हो," ती म्हणाली, "तुम्ही अंक दाखवलाच नाही मला. तुमचं नाव कुठाय?"

मी पिशवीतला अंक काढायला वळलो. तेवढ्यात उकंडराव उठले. अंक टेबलावर पसरला, घडीवरून हात फिरवला, चष्मा सरळ केला आणि त्या ओळीवर, स्वतःचं नाव ओलांडून, बोट सरकवत नेलं. "काऊन नाही? हे काय," ते छायाला म्हणाले. "इथं हायत नं सर."

बोट 'आदी'वर होतं.

छाया वाकून बघायला लागली. अंबूबाईही उठली, पदर सावरत जवळ आली, आणि त्या दोन अक्षरांकडे बराच वेळ टक लावून बघत राहिली.

"हाव," ती म्हणाली. "दिसले बाप्पा."